परमनंट या शब्दापायी

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत अक्षरओळख नसलेल्या बायकाही एक इंग्रजी विशेषण बिनचूक वापरायच्या : परमनंट. स्थळ आलं की मुलाच्या रूपाआधी तेच विचारलं जाई. माझे वडील गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी. काम मिळो न मिळो, कार्डावर हजेरीचा शिक्का हवाच. तो चुकला की परमनंटच्या यादीत नंबर मागे. त्या वर्षी त्यांचा नंबर अगदी वर आला होता. परमनंट झालो की तुला कॉलेजात घालतो, असं त्यांनी मला कबूल केलं होतं.

मॅट्रिकच्या अभ्यासाला मी दादरच्या वाचनालयात जात असे. तिथल्या जाडजूड कोशात तो शब्द काढला. अर्थ कायमचा, टिकाऊ. मूळ लॅटिन : शेवटपर्यंत राहणं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण त्याच आठवड्यात वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात नाव दिलं होतं. मी भांडले, कोशातलं सगळं त्यांना ऐकवलं.

"शब्द खयसून इलो ता कळला," ते म्हणाले. "पण मुंबयच आपली रवली नाय, तर मी खय रवतलंय?"

ते गेले आणि पकडले गेले. दुसऱ्या दिवशी मी मूर्खासारखी त्यांचं कार्ड घेऊन बदलीवाल्यांच्या रांगेत उभी राहिले. कुणी हसलं नाही. हजेरी माणसाची लागते, कार्डाची नाही, असं गेटवर काम वाटणाऱ्या जॉबरनं मला समजावलं. तरी मी आठ दिवस रोज गेले. घरी बसवतच नव्हतं.

ते सुटून आले तोवर यादी लागली होती. त्यांचं नाव नव्हतं. पुढे राज्य झालं तेव्हा त्यांनी चाळभर साखर वाटली. मी हात पुढे केला नाही. त्याची आजही लाज वाटते.

कॉलेज राहिलंच. टायपिंग शिकून मी एका कचेरीत लागले. काही वर्षांनी मला परमनंट केल्याचं पत्र मिळालं, ते मी वडिलांना वाचून दाखवलं.

"तो शब्द परत वाच गो," ते म्हणाले.

मी वाचला. मग तो कागदावर कुठे आहे, ते त्यांनी माझं बोट धरून पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे कार्ड घेऊन गेटवर गेले.