रावडी म्हंजी काय?

राजगडाच्या पायथ्याला, पालीत, ताक विकणाऱ्या एक आजी मला एकदाच भेटल्या. शेजारी पाच-सहा ट्रेकर स्पीकर लावून नाचत होते. त्यांच्यातला एक ओशाळून म्हणाला, "सॉरी आजी, आमचा ग्रुप जरा रावडी आहे."

आजींनी मला हळूच विचारलं, "रावडी म्हंजी काय वो?"

मी भोरला इंग्रजी शिकवतो. "दंगेखोर, हुल्लडबाज," मी सांगितलं.

आजी त्यांच्याकडे वळल्या. "लई बरं झालं. त्यो हंडा साध्या मानसाला उचलत न्हाई. इहिरीवरनं पानी आणाया रावडीच पायजेत."

स्पीकर बंद झाला. दोघं हंडा घेऊन निघाले.

मी म्हणालो, "आजी, अर्थ तसा नाही."

"अर्थ ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला पानी पायजे." मग त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "तुमी न्हाई का रावडी?"

असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी मुकाट्याने कळशी उचलली.