फणसाचा हौदा

सगळी निपाणी माझ्या नवऱ्याला अण्णा म्हणायची. मी तोंडावर त्यांना कधी तशी हाक मारली नाही, पण लिहिताना तेच बरं पडतं. अण्णा तंबाखूच्या एका वखारीत लॉरी चालवायचे. लॉरी मालकांची, अण्णा पगारी. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला तंबाखूचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या वासानं माझं डोकं दुखायचं. पुढं तो वास आला नाही की जीव दाराकडं लागायचा.

स्वतःची एक लहान लॉरी असावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. मोठी नको. आठवड्याच्या बाजारांना भाजी न्यावी, खानापुराकडचा तांदूळ आणावा, हंगामात तंबाखूची पोती वाहावी, आणि संध्याकाळी गाडी आपल्याच दारात उभी करावी. वखारीची गाडी रोज वखारीत ठेवून चालत घरी यावं लागायचं, ते त्यांना लई लागायचं. माझा त्यात वेगळाच लोभ होता. माझं माहेर कणकुंबी. निपाणीहून बेळगावपर्यंत मोटार, तिथं कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि मग जंगलातनं बैलगाडी. वर्षा दोन वर्षांनी एकदा जाणं व्हायचं. आई नव्हती. आप्पा एकटे होते. लॉरी आली की मनात आलं त्या दिवशी निघायचं, असं मी धरून चालले होते. दुपारी बिड्या वळता वळता मी मनातल्या मनात त्या रस्त्यानं कितीदा जाऊन यायची.

बेळगावात मोटारी विकणारं एक दुकान होतं. मालकांची पोती पोचवायला गेले की अण्णा तिथं डोकावायचे. त्या काळी नवी लॉरी म्हणजे नुसतं इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा यायचा. माल भरायचा लाकडी हौदा गिऱ्हाइकानं आपल्या सुताराकडून बांधून घ्यायचा. दुकानदारानं भाव सांगितला होता. अण्णांचा पगार आणि माझ्या बिड्या धरून, पुढचा तंबाखूचा हंगाम पार पडला की तेवढी जमवाजमव होईल असं आम्ही ठरवलं.

त्याच साली वादळात माझ्या माहेरच्या परड्यातला फणस पडला. माझ्या आज्याच्या हातचं झाड. त्याच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले होते. आप्पांनी ते कुणाला विकलं नाही. फळ्या कापून घेतल्या, बैलगाडीत भरल्या, आणि मजल दरमजल करत आमच्या दारात आणून उतरवल्या. बरोबर आपल्या ओळखीचा सुतारही आणला. फळ्या पिवळ्याधमक होत्या. अंगणभर त्यांचा गोड वास सुटला. आप्पा म्हणाले, लेकीच्या गाडीला माझ्याकडनं हे.

सुताराला पुढं गोव्याकडं काम होतं, तो थांबणार नव्हता. म्हणून अण्णा बेळगावच्या दुकानात जाऊन दोरीनं सांगाड्याचं माप घेऊन आले, आणि गाडी नसतानाच हौदा बांधायला घेतला. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि हसायचे. तुमची गाडी उलटी जन्माला येतीय, असं समोरची म्हातारी म्हणाली. अण्णा तिला म्हणाले, "हौदा तयार असला म्हंजे गाडीला यावंच लागतंय, मावशी."

हौदा झाला. चार दगडांवर अंगणात उभा केला. हंगाम संपल्यावर अण्णा धुतलेला सदरा घालून बेळगावला गेले. मी पुरणाचं घातलं होतं. ते परत आले आणि पायरीवरच बसले.

"वाढली," म्हणाले.

किती, ते मी विचारलं. वर्षभर आम्ही दोघांनी पोटाला चिमटा काढून जेवढं जमवलं होतं, जवळजवळ तेवढीच वाढ झाली होती. म्हणजे आम्ही जिथं होतो तिथंच. दुकानदारानं काहीबाही सांगितलं होतं, गाड्या विलायतेहून येतात, तिकडं लोखंड महागलंय. अण्णांना ते पटलंही असावं. त्यांनी पुरणपोळी खाल्ली आणि पुढच्या साली बघू म्हणाले. पुढच्या साली पुन्हा तसंच झालं. आम्ही एक पाऊल टाकावं आणि किमतीनं दोन टाकावीत. मग लढाई लागली.

लढाईनं सगळंच आमच्या हाताबाहेर गेलं. नवी गाडी सरकारी परवान्याशिवाय मिळेना, आणि परवाना आमच्यासारख्याला कोण देणार. टायर गुळगुळीत झालेल्या जुन्या लॉऱ्या आम्ही पहिल्यांदा ऐकलेल्या नव्या लॉरीच्या भावाला जाऊ लागल्या, नंतर त्याच्याही वर. पेट्रोल मोजून मिळायचं. मालकांनी लॉरीला कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली. अण्णा रोज पहाटे ती पेटवायचे आणि संध्याकाळी काळे होऊन यायचे. चढावर गाडी दमायची, मग उतरून धुराकडं बघत थांबायचं. तरी बेळगावला गेले की दुकानात जाणं त्यांनी सोडलं नाही. दुकानात विकायला गाडी नसायची. भिंतीवर एक रंगीत चित्र होतं नव्या लॉरीचं, ते बघून यायचे.

हौदा अंगणातच होता. उन्हापावसानं फणसाचा पिवळा रंग गडद होत होत तांबूस झाला. दर दिवाळीला अण्णा त्याला तेल चोळायचे, पावसाळ्यात त्याच्यावर गोणपाट घालायचे. आत मी सरपण ठेवायची नाही, ते त्यांना चालायचं नाही. मिरच्या वाळत घालायला मात्र परवानगी होती. आमची मुलगी त्याच्या फळीला धरून उभी राहायला शिकली.

त्या दिवसांत एकदा गल्लीत उंदीर मरून पडायला लागले. प्लेग म्हटलं की घरं सोडून बाहेर माळावर खोपटी घालायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी गल्ली निघाली. अण्णांनी दोन बैलगाड्या पुढंमागं जोडल्या, माणसं बोलावली, आणि हौदा उचलून त्यांच्यावर ठेवला. माझ्या जन्मात मी तो पहिल्यांदा हलताना बघितला. मुलीला कडेवर घेऊन मी मागनं चालत होते. अण्णा पुढं चालत होते, वाटेतले खड्डे दाखवत, बैलांना सांभाळत, जणू तीच त्यांची लॉरी. माळावर हौदा उतरवला, वर ताडपत्री ओढली, आणि प्लेग ओसरेपर्यंत आमचा संसार त्यात झाला. बाकीच्यांच्या खोपटात जमिनीची ओल यायची, आमच्याकडं कोरडं असायचं. दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या हौद्यात येऊन बसायच्या. लॉरीवाल्यांचं घर असं त्याला नाव पडलं. खरं सांगायचं तर मी तिथं सुखी होते. अण्णा संध्याकाळी पुढच्या फळीला टेकून बसायचे, रस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्या आवाजावरनं ओळखायचे आणि मुलीला सांगायचे.

लढाई संपली. आता भाव उतरणार असं सगळे म्हणत होते, आम्हीही वाट बघत बसलो. भाव उतरला नाही. दुकानात नव्या गाड्या आल्या, आणि त्यांची किंमत ऐकून अण्णांनी घरी येऊन आकडा सांगितलाच नाही. फक्त म्हणाले, आता इचारायचं बी काम न्हाय. मुलगी शाळेत जायला लागली होती. बिड्या वळून माझी बोटं आखडायला लागली होती. जमवलेल्यातलं बरंच तोवर आजारपणात आणि महागाईत गेलं होतं.

मालकांनी मात्र एक नवी लहान लॉरी घेतली. मालक जैन, माणूस सरळ. हंगाम तोंडावर होता आणि हौदा बांधायला कुठं चांगलं लाकूड मिळेना. एक दिवस ते स्वतः आमच्या अंगणात आले, हौद्याभोवती एक फेरी मारली, आणि अण्णांना म्हणाले की द्यायचा असेल तर योग्य ते देईन, आणि नवी गाडी तूच चालव. अण्णांनी उद्या सांगतो म्हटलं.

रात्री जेवून हात धुतल्यावर ते म्हणाले, "लाकूड तुझ्या आप्पांचं हाय. तू सांग."

नको म्हणावंसं वाटत होतं. पण हौद्याची खालची एक चौकट कोपऱ्याला मऊ लागायला लागली होती, ते मी झाडताना बघितलं होतं, आणि त्यांनीही बघितलं असणार. मी म्हटलं, "देऊन टाका. चालवणार तुम्हीच हायसा न्हवं."

ते व्हय म्हणाले आणि बाहेर जाऊन हौद्यात बसले.

नव्या सांगाड्यावर तो थोडा लांब झाला. सुतारानं मागनं वीतभर कापला, मऊ झालेली चौकट बदलली, वर हिरवा रंग चढवला. गाडी तयार होऊन पहिल्यांदा आमच्या दारावरनं गेली तेव्हा अण्णांनी कर्णा वाजवला. मी दारात उभी राहिले, हसले, आणि आत जाऊन पदर तोंडाला लावला. अंगणात चार दगड तसेच राहिले होते.

त्याच हिवाळ्यात मालकांनी खानापूरच्या रानाकडनं कोळसा आणायला अण्णांना धाडलं, आणि बायकोला माहेरी नेऊन आण म्हणाले. मुलीची शाळा होती, म्हणून तिला समोरच्या म्हातारीकडं ठेवून मी निघाले. अण्णांच्या शेजारी बसून जंगलातल्या रस्त्यानं चालले होते. इतकी वर्षं मनात केलेला तो प्रवास एवढ्या लवकर सरला की मला घाटातली झाडंसुद्धा धड बघता आली नाहीत.

आप्पा आता वाकले होते. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आले. हिरव्या रंगाखालीही त्यांनी फळी ओळखली. एका ठिकाणी रंग खरवडला होता, तिथं बोट लावून बघितलं. मग अण्णांकडं वळून, अगदी आनंदानं, गाडी केवढ्याला पडली म्हणून विचारलं.

मी खाली बघितलं. अण्णांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"आप्पा, गाडी मालकांची हाय," ते म्हणाले. "मी चालवतोय. फळ्या तेवढ्या तुमच्या."

मग आप्पांनी, मला जरा बसवून आण की, असं म्हटलं. ते जन्मात मोटारीत बसले नव्हते. अण्णांनी त्यांना हात धरून वर घेतलं, देवळापर्यंत नेलं आणि परत आणलं. उतरताना आप्पांनी मला माहेरच्या नावानं हाक मारली आणि पाणी मागितलं. आप्पांची माझी ती शेवटची भेट.

परत येताना हौद्यात कोळसा होता आणि गाडी जड चालत होती. वाटेत मी, इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. लोक गाडीच्या कपाळावर नाव घालतात. आपली आली असती तर तुम्ही काय घातलं असतं?

अण्णांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. त्यांनी नाव सांगितलं. ते माझं माहेरचं नाव होतं, लग्नात बदललेलं. सासरी ते कुणी उच्चारत नव्हतं, आणि त्यांनीही त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. कधीपासून ठरवलंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, हौदा बांधत होतो तवापासून.

स्वतःची गाडी आम्ही पुढंही घेतली नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना तेच नाव पुन्हा एकदा घ्यायला लावलं. त्यांनी घेतलं, जरा लाजून, आणि गाडी उताराला लागली.