तिसरी हाक

मालाडच्या एका गाळ्यात मी नऊ पोरींवर सुपरवायझर होते. खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवायचे आणि बाहेर आलेला गोंद थिनरच्या फडक्याने पुसायचा, एवढंच काम. पोरी चटईवर मांडी घालून बसायच्या, मी दिवसभर उभी. माझे पाय दुखतात म्हणून मी कुरकुर करायचे. बसणाऱ्यांना काय होतं ते विचारायला कोणाला वेळ होता?

त्या नऊजणींत माझी धाकटी जाऊ होती. तिला मीच कामाला लावलं होतं. ट्यूबलाइटखालचा कोपराही मीच दिला, खडे नीट दिसावेत म्हणून.

उन्हाळ्यात शेठने एसी लावला आणि खिडक्या बंद करून टाकल्या. आम्ही खूश. पंधरा दिवस झाले नसतील, जावेने खडा लावता लावता मागे वळून "ओ" दिली. कोणीच हाक मारली नव्हती.

"गप गं," मी म्हटलं, "कान साफ कर."

पण मला बरं वाटलं नाही. आमच्या कोकणात लहानपणापासून बजावलेलं असतं, मागून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतो. दुसरं काही, उलट्या पावलांचं, असेल तर ते दोनदाच बोलावतं. पुढच्या आठवड्यात तिच्या बाजूला बसणाऱ्या पोरीलाही हाक ऐकू आली. तिसरी एक उगाच हसत सुटली, हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि थांबेना.

मग मी माझा शहाणपणा केला. त्या कोपऱ्यात जमिनीलगत भिंतीत वीतभर जुनी जाळी होती, अगदी देवळीसारखी. तिथल्या राखणदाराला, जागा सांभाळणाऱ्या देवाला, मी गाऱ्हाणं घातलं, पोरी मागून "होय म्हाराजा" म्हणाल्या. लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ जाळीत घट्ट बसवला, पुढे रोज अगरबत्ती. थिनरच्या बाटल्यांच्या शेजारी अगरबत्ती, एक ठिणगी पुरली असती. दोन दिवस हाक आली नाही. त्यातला एक रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी लाइट गेली म्हणून गाळा बंद होता, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

त्यानंतर पार वाट लागली. जाऊ मधेच उठून दारापाशी जायची आणि रिकाम्या पॅसेजला विचारायची, "कोण पाहिजे?" एकदा लेकीला बालवाडीतून आणायचं विसरून घराजवळ वाकोल्याच्या नाक्यावर तासभर उभी होती. पोर शाळेच्या पायरीवर रडत बसलेली.

सासूबाईंनी निकाल दिला. "हिका बाधा झाली हा. गावाक धाडा. चेडू हंय रवांदे माझ्याकडे."

म्हणजे आई गावाला आणि पाच वर्षांची लेक इथे. किती दिवस, ते कोणीच बोलेना. शुक्रवारची गाडी ठरली. जावेने रात्री मला एवढंच विचारलं, "ताई, मी वेडी झाले का गं?"

गुरुवारी दुपारी पोरी बाहेर डबा खात होत्या. माझ्या हातून खडा पडला, तो शोधायला मी जावेच्या चटईवर बसले. गोडसर वास आला, डोकं हलकं झालं. आणि मागून माझ्या आईने मला घरच्या नावाने हाक मारली.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी ओठ दाबून धरले. परत हाक आली, तशीच, जेवायला बोलावताना मारायची तशी. खरं सांगते, भीती होती, पण त्याहून जास्त मला ओ द्यावीशी वाटत होती. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ती आली नाही.

भिंतीला धरून उठले तर वास गेला. खाली बसले, वास परत आला. उठले, गेला. चार वेळा केलं.

मी नारळ उपसून काढला. फडकं हातातून सुटलं आणि आपसूक जाळीकडे ओढलं गेलं, बाहेरून कोणी खेचावं तसं. तेव्हा कळलं. थिनरची वाफ जमिनीलगत साचत होती, तीच बसणाऱ्यांच्या डोक्यात चढून हाका ऐकवत होती. बाहेर जायला तिला ती एकच वाट होती, आणि तिथे मीच देव बसवला होता. लाज वाटली. नऊ तास उभी राहणाऱ्या माझ्या नाकापर्यंत तो वास कधी पोचलाच नव्हता.

घरी सासूबाईंना म्हटलं, "नारळ मी ठेवला. बाधा असेल तर माझी. मला धाडा." त्या म्हणाल्या, पंधरा दिवस बघू.

शेठ फुरफुरला, पण मी पोरींना बसूच दिलं नाही. शेवटी जाळीत बाहेर हवा फेकणारा पंखा आला, खिडक्या उघडल्या, उंच टेबलं आणि स्टुलं आली, बाटल्यांना झाकणं आली. दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर. हाका बंद झाल्या. गाडीचं कोणी नाव काढलं नाही. जाऊ लेकीला रोज वेळेवर आणते.

ती अजून माझ्याकडे पाठ करून बसते. काम असलं की मी हाक मारते. तिचा हात खड्यावर थांबतो, पण ती वळत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. मी रागावत नाही. तिसऱ्यांदा हाक मारली की वळते, आणि आधी माझ्या पावलांकडे बघते.