सुकटीखालच्या गोळ्या

आज सुकट भाजायला घेतली आणि त्या वासासरशी आमची पडवी आठवली. शिमगा जवळ आला होता, बाबा मुंबईहून यायचे होते. हर्णैची सगुणामावशी मासळीची टोपली उतरवून बसली होती. आईने सुकटीत खोल हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून पदराआड केलं.

"आई, डोकं दुखतंय?" मी विचारलं. दोघी खो खो हसल्या.

पूर्वी पाळणा लांबवायच्या या गोळ्यांसाठी आई सरळ आरोग्य केंद्रात जायची. तिथलं बाक नेमकं एसटी थांब्यासमोर. "नवरा मुंबईला, मग ही गोळ्या नेते कोणासाठी?" असं कुणीतरी म्हणालं आणि आईने जाणं सोडलं.

तेव्हा मावशीच म्हणाली होती, "वैनी, मी आणीन. माझा नवरा घरात हाय, मला कोण काय बोलतंय?"

हे मला कळलं माझ्या लग्नानंतर. माझाही नवरा मुंबईलाच असतो.

काल मेडिकलवाला माझं पाकीट कागदात गुंडाळायला लागला. म्हटलं, "राहू दे, उघडंच द्या." आणि ते तसंच हातात धरून एसटी थांब्यावर उभी राहिले.