आरतीच्या आधीचे तीन क्वार्टर

आमच्या हिची एक कायमची तक्रार आहे. "तुमचे बास्केटबॉलचे किस्से म्हणजे पावसाळ्यात कपाटाला येणारी बुरशी! आज पुसावी, तर आठ दिवसांनी दुप्पट."

खोटं नाही तिचं. आम्ही जमलो की एक जण सांगायला घेतो, दुसरा त्याला शेपूट जोडतो, तिसरा म्हणतो, "तसं नव्हतंच मुळी ते!" आणि एका किश्शाचे तीन होतात. चौथा तेवढा गप्प बसतो.

आम्ही चौघे म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी सुर्वे, एसटीच्या ऑफिसात क्लार्क, आणि टीमचा कॅप्टन. कोच ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून कोचही मीच. सलीम मिरकरवाड्याचा, म्हणजे मासळीच्या बंदरावरचा, घरचा बर्फाचा कारखाना, उंची सहा फूट दोन इंच आणि तोंड त्याहून मोठं. पाठक सर पुण्याहून शाळेत पीटीचे शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, बॉल मात्र हातात ठरायचा नाही. आणि चौथा नंदू. सलीमच्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढायचा. उंची पाच फूट सहा. आमच्यातला खरा खेळाडू तोच.

बाकीचे दर वर्षी बदलायचे. जरा कोणाचा हात बसला की तो मुंबईला नोकरीला जायचा.

*

आमचं कोर्ट शाळेच्या मागे, चिऱ्याच्या भिंतीला लागून. मे महिन्यात अर्ध्या कोर्टावर शाळेचे शिपाईकाका आमसुलं वाळत घालायचे, म्हणून मेमध्ये आम्ही अर्ध्या कोर्टाचे खेळाडू. रिंग बंदरावरच्या वेल्डरने करून दिलेली. तिला नेट पाहिजे म्हटल्यावर सलीम म्हणाला, "नेट? मिरकरवाड्यात येऊन नेट मागतोस?" आणि ट्रॉलरच्या जाळ्याचा एक तुकडा आणून त्याने स्वतः विणून बसवला.

जाळं पक्कं मासळीचं. आत गेलेलं बाहेर सोडायचं नाही, हा त्याचा धर्म! बॉल पडायचा आणि तिथेच लटकायचा. मग बांबूने ढोसून काढायचा.

एकदा संगमेश्वरची टीम खेळायला आली. पाठक सरांचं बोट दुखावलेलं, म्हणून ते रेफरी. सलीमने बॉल टाकला, तो जाळ्यात बसला. त्यांचा कॅप्टन भांडायला लागला, "बॉल खाली आला नाही, बास्केट कसली?"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "आत गेला ना? मग दोन पॉइंट. बाहेर कधी यायचं ते तो ठरवेल!"

*

आता मुख्य गोष्ट. त्या काळी अमेरिकेतल्या प्रोफेशनल मॅचेस केबलवर पहाटे लागायच्या. टीव्ही सलीमच्या घरी. साडेसहाला आम्ही हजर. सलीमची अम्मी पाव आणि चहा ठेवायची आणि म्हणायची, "एवढ्या लवकर नमाजाला उठला असतास तर!" सलीम म्हणायचा, "अम्मी, बघ तरी, कसा उडतोय!" अम्मी बघायची आणि म्हणायची, "हाय हाय, पडेल ना तो!"

आठ वाजले की चित्र जायचं आणि त्याच चॅनेलवर आरती सुरू व्हायची. केबलवाला बाब्या रोज आठला त्या चॅनेलवर आरतीची कॅसेट लावायचा, आईसाठी. मॅचचे क्वार्टर चार, आणि आठ वाजता कुठलीही मॅच तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाला आलेली असायची.

आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. बाब्या म्हणाला, "माझ्या हातात काय नाय. आईला विचारा."

आई पडवीत फुलं निवडत होत्या. सरांनी अगदी पुणेरी अदबीने विनंती केली, "अर्धा तास फक्त, मावशी."

मावशींनी मान वर केली नाही. "तुमची माणसं उद्या पण उड्या मारणार हायत. देवाला काय सांगू, उद्या ये?"

झालं. एवढ्या वर्षांत आम्ही एकाही मॅचचा चौथा क्वार्टर पाहिला नाही! दोन दिवसांनी मुंबईच्या पेपरात कोपऱ्यात एका ओळीत निकाल यायचा. कोण जिंकलं ते कळायचं, कसं जिंकलं ते आम्ही आपलं मनाने रचायचो.

*

आणि एवढ्या भांडवलावर आम्ही ठरवायचो की जगातले आजवरचे सर्वश्रेष्ठ प्रोफेशनल बास्केटबॉल खेळाडू कोण!

कोर्टाच्या चिऱ्याच्या भिंतीवर खडूने यादी असायची. वर लिहिलेलं, "सर्वकालीन पाच". नावं उच्चारायला जड, म्हणून आमची आम्ही ठेवलेली. बगळा, कारण पाय तसे. खांब, कारण रिंगखालून हलायचा नाही. गवळी, कारण पास असा द्यायचा की घरोघरी दूध पोचवल्यासारखा, बरोबर दारात. आणि भोवरा. हे चार पक्के होते. भांडण पाचव्याचं.

खांब मोठा की बगळा, यावरून एकदा सलीम आणि पाठक सर आठ दिवस बोलत नव्हते. एकाच बाकावर बसायचे, मध्ये नंदू.

"नंद्या, सरांना सांग, खांबाला लांबून नेम येत नाय."

"नंदू, सलीमला सांग, ज्याचा हात रिंगला पोचतो त्याने लांबून मारावंच कशाला?"

नंदू दोन्हीकडे मान फिरवायचा. आठव्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, "मी कामाला जाताव. तुमी दोघांनी जवळजवळ बसा, ऐकू येतं."

*

पाचव्या जागेसाठी नंदूचा एकच माणूस होता. आम्ही त्याला अजगर म्हणायचो. हा गडी तीन क्वार्टर नुसता फिरायचा. पळणं नाही, उडी नाही, चेहऱ्यावर ताप आल्यासारखा भाव. पेपरात मात्र त्याची टीम जिंकलेली असायची. मी म्हणायचो, "बाकीचे चौघे जिंकवतात, हा फुकटचा हार घालून घेतो!"

नंदू खडूने पाचव्या जागी लिहायचा, अजगर. मी पुसून लिहायचो, चष्मेवाला. चष्मेवाला पहिल्या मिनिटापासून घाम गाळायचा. मला तसे लोक आवडतात. ऑफिसातही आवडतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा अजगर.

"अरे, पण तुला काय दिसतं त्याच्यात?" मी एकदा चिडून विचारलं.

"तो बघत असतो," नंदू म्हणाला. "कोण दमलाय ते बघत असतो."

नंदू स्वतःही तसाच खेळायचा. पहाटे लाद्या ओढून आलेला असायचा. तीन क्वार्टर हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्याने. कोल्हापुरात एकदा आम्ही अकरा पॉइंटने मागे होतो. शेवटच्या पाच मिनिटांत या बुटक्याने असा काही धुडगूस घातला, की समोरच्या टीमचा कोच पाण्याची बाटली उलटी धरून प्यायला लागला! जिंकलो. येताना आंबा घाटात एसटीत सगळे नाचले. मी कॅप्टन, मी काय म्हणालो माहीत आहे?

"तुक्का लागला."

*

हा पुढचा किस्सा आमच्यात कोणी सांगत नाही. सलीमने एकदा सुरू केला होता. मीच विषय बदलला.

मुंबईच्या एका कंपनीची टीम होती. तिथे नोकरी द्यायचे आणि खेळायचं. पगारी खेळाडू! त्यांची दोन माणसं जिल्ह्याच्या फायनलला येऊन बसणार, एक जण उचलणार, अशी बातमी आली. सलीम कारखाना सोडून जाणार नव्हता, सर नोकरीत होते. मी तेव्हा एसटीत रोजंदारीवर. म्हणजे खरे उमेदवार दोनच, मी आणि नंदू. नंदूच्या आईने गणपतीपुळ्याला नवस बोलला. नंदूने नवे बूट घेतले, आयुष्यातले पहिले, आणि मॅचच्या आधी दोन दिवस घरात घालून फिरला. का, तर चावू नयेत.

तीन क्वार्टर झाले. आम्ही सहाने मागे. नंदूचे पॉइंट चार. नेहमीसारखा कोपऱ्याकोपऱ्याने फिरत होता. ती दोन माणसं वहीत काही लिहीत नव्हती.

ब्रेकमध्ये मी म्हटलं, "नंदू, बस तू."

सलीम म्हणाला, "अरे, डोकं फिरलं काय तुझं?"

मी म्हटलं, "तीन क्वार्टर झोपलाय तो. अजगर आहे नुसता. चौथ्यात काय उजेड पाडणार?"

नंदूने माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाला, "अजून एक क्वार्टर हाय, सुर्वे."

"कॅप्टन मी आहे," मी म्हटलं.

इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगितलं की टीमसाठी केलं. आज खरं सांगून टाकतो. नंदू कोर्टावर असला की शेवटी सगळे बॉल त्याच्याकडे जायचे. तो बसला की माझ्याकडे येणार होते. मला त्या दोन माणसांना दिसायचं होतं. बाकी काही नाही.

चौदाने हरलो. मी आठ वेळा नेम धरला आणि सात वेळा चुकलो. ती दोन माणसं मॅच संपायच्या आधी उठून गेली, कोणालाच न घेता. नंदू बाकावरून उठला, सगळ्यांना पाणी दिलं. मला पण दिलं. नवे बूट काढून पिशवीत ठेवले आणि चपला घालून चालत घरी गेला.

सहा महिन्यांनी मी एसटीत कायम झालो. नंदूने पुढची पंचवीस वर्षं लाद्या ओढल्या. गुडघे त्यातच गेले.

भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो कोर्टावर आला, खेळला, हसला. फक्त भिंतीवर पाचव्या जागी त्याने परत काही लिहिलं नाही. मग मलाही चष्मेवाला लिहवेना. दर पावसाळ्यात भिंत धुऊन निघायची, दिवाळीत आम्ही पुन्हा लिहायचो, चार नावं, आणि खाली पाचचा आकडा नुसताच. नवीन खेळायला येणारी मुलं विचारतात, "काका, पाचवा कोण?" सर म्हणतात, "चर्चा चालू आहे."

*

यंदा नंदूच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. रविवारी सकाळी आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. सलीमने सुरमई आणली होती. वहिनींनी ती हातात घेऊन म्हटलं, "भावजी, बर्फ जास्त आणि मासा कमी वाटतो!" सलीम म्हणाला, "सवय हो, दुसरं काय."

पाठक सर आता रिटायर झालेत, त्यामुळे मोबाइलमध्ये फार हुशार. म्हणाले, "एक गंमत आणली आहे." नंदूच्या मुलाने घेतलेल्या टीव्हीला त्यांनी मोबाइल जोडला आणि मॅच लागली. जुनी, तीच, सलीमच्या घरी पाहिलेली. अंधुक चित्र, लांडे शॉर्ट्स. खांब, गवळी आणि अजगर, सगळे तिशीच्या आतले. आम्ही पोरांसारखे ओरडायला लागलो.

अजगर तसाच. फिरतोय नुसता.

तिसरा क्वार्टर संपला आणि काय सांगू, आम्ही तिघे उठलो! सवयीने. सलीमने चपलेत पायसुद्धा घातला. नंदू कॉटवरून म्हणाला, "बसा रे. आज आरती नाय."

बसलो. चौथा क्वार्टर सुरू झाला.

पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग अजगराने एक बॉल हिसकावला. मग दुसरा. मग तो पळायला लागला, आणि समोरचे सगळे दमलेले, कमरेवर हात ठेवलेले. हा एकटा ताजा. सलीम "या अल्ला" म्हणत उभा राहिला तो उभाच. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. बारा पॉइंटचा फरक चारवर आला. मी जमिनीकडे बघत होतो.

टाइमआउट झाला. कॅमेरा त्यांच्या बाकावर गेला. कोच हातवारे करून काही सांगत होता. अजगर टॉवेल डोक्यावर घेऊन मध्ये बसला होता, बाकीचे त्याच्याभोवती.

"बघ," नंदू म्हणाला. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात. "पयल्या तीन क्वार्टरला एवढा वाईट खेळला. पण त्येला कोणी बसवला नाय."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"नंदू," मी म्हटलं, "माझं चुकलं रे. त्या दिवशी मी..."

नंदूने हात वर केला. डोळे टीव्हीवरच.

"गप ऱ्हा जरा," तो म्हणाला. "अजून दोन मिनिटं हायत."