तिची ती खाऊन राह्यली
फिनेलचा वास आला की मला परतूरची ती दोन खोल्यांची सरकारी बालवाडी आठवते. तिथं आमच्या पोरीसारखीच आठ मुलं होती. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाला चालता येत नव्हतं. माझी चार वर्षांची लेक बोलत नव्हती आणि घास फक्त माझ्याच हातून घ्यायची. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही जा बरं घरी." मी स्टँडवर गेले, आमच्या गावच्या, वाटूरच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि परत फिरले. मंग वर्गाच्या खिडकीखालीच घुटमळत राहिले. आत कुणी रडलं की टाचा उंचावून डोकावायचे, पण रडणारी माझी नसायची. दुपारी राहवलं नाही, तशीच आत शिरले. लेक सतरंजीवर बसून चमच्यानं खिचडी खात होती, अर्धी फ्रॉकवर सांडत होती. मी भरवायला वाकले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. "राहू द्या ताई, तिची ती खाऊन राह्यली." लेकीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा चमचा भरला. आनंद झालाच, पण त्याआधी रडू आलं. आता ती नऊ वर्षांची आहे, रोज आपल्या हातानं जेवते. आणि ती जेवायला बसली की मला अजून समोर बसणं जमत नाही, हात भरवायला पुढं होतो, म्हणून मी उठून उगाच भांडी आवरत राहते.