सडकंवर येऊन थांब

माझ्या शिलाईच्या डब्यात बॉबिनांच्या शेजारी एक कॅसेट आहे. आता ती वाजत नाही. फितीवर पांढरी बुरशी चढली आहे, आणि वाजवायची म्हटलं तरी घरात टेप राहिलेला नाही. तिच्यात माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज आहे, पाच-सहा मिनिटांचा. त्यातलं थोडं बोलणं मी पुसलं. ते का पुसलं आणि पुढं काय झालं, एवढंच सांगायचं आहे.

अक्का ताडकळसकडं दिलेली. दाजींची जमीन थोडी, तीही कोरडवाहू, म्हणून दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको नगरकडं ऊस तोडायला जायची. पहिल्या वर्षांत पोरगी सोबत असायची. आदल्या साली तिनं कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, अख्खी थंडी खोकून काढली, तेव्हा अक्कानं ठरवलं की यंदा पोर माहेरी ठेवायची. आमचं गाव देवगाव फाट्यापासून चालत अर्ध्या तासावर, सडकेला लागूनच. तोडीच्या गाड्या आमच्या दारावरूनच फाट्याकडं जायच्या. अक्का दोन दिवस आधी आली. कडेवर चार वर्षांची पोर, खांद्याला टेप.

टेप लग्नात दाजींना दिलेला. दोन स्पीकरचा, वर धरायला दांडी, आणि दाजींनी हौसेनं लावून घेतलेला रेक्झिनचा पट्टा. कोपीत दवानं खराब होईल म्हणून तोही आमच्याकडंच ठेवायचा होता. दादा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवर बसून बघत होते. म्हणाले, "दिलेलं समदं परत यायलंय की. जावई तेवढा ऱ्हायला." अक्का हसली. दादांना पुढं ते बोलणं फार लागलं असावं, कारण तसली थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

आवाज भरून ठेवायची कल्पना अक्काचीच. पोर आईच्या बोलण्याशिवाय जेवत नसे. टोळीतल्या एका बाईनं घरी ठेवलेल्या लेकरासाठी असा आवाज भरून ठेवला होता, ते हिनं ऐकलेलं. घरात कॅसेट एकच, लग्नातल्या गाण्यांची. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात; ती उघडी असली की टेपचं लाल बटण दबत नाही. त्यात कागदाचा बोळा कोंबला की दबतं. हे मला माहीत होतं. मी बोळे कोंबले, टेप चुलीपुढं ठेवला आणि लाल बटण दाबलं.

अक्का गप्प. शेतात हाक मारली तर पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल असा तिचा गळा, पण यंत्रापुढं तोंड उघडेना. शेवटी मी म्हटलं, तू नेहमीसारखी पोरीला जेवू घाल, टेपाकडं बघूच नको. मग झालं. म्हणून ती कॅसेट म्हणजे एक जेवण आहे. ताटलीचा आवाज आहे, बांगड्या आहेत, पोरीचं मचमच खाणं आहे. भाकरीची कड टाकायची न्हाई, कडच ग्वाड असती, असं अक्का सांगते. मग म्हणते, "वेणी घालताना हलू नको. मावशीचा हात लय जड हाय." त्यावर मागून माझा आवाज येतो, "माझा हात कशाला काढायलीस?" दोघी हसतो. आणि शेवटी, जरा खोकून, घसा साफ करून अक्का म्हणते, "पाडव्याला येते म्या. गाडीच्या म्होरच्या अंगाला बसते. लांबूनच दिसंन तुला. सडकंवर येऊन थांब."

मग खट् आवाज, आणि जुनं गाणं मधूनच, एका ओळीच्या पोटातून सुरू होतं.

भरून झाल्यावर मी बोळे काढून टाकले, कुणाच्या हातून चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवसापासून पोर टेपापुढं बसून जेवू लागली. कडासुद्धा खाल्ल्या.

संक्रांतीनंतर अक्का गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढताना पडली. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. कधी काय बंद होईल याचा नेम नसे. निरोप आला त्या दिवशी एस.टी. बंद होत्या. दादा तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा तिकडं सगळं उरकलं होतं. ते तिचं गाठोडं घेऊन परत आले. आमच्यापैकी कुणीच तिला गेलेली पाहिली नाही. आम्ही पाहिलं ते एवढंच, की दिवाळीनंतर ती गाडीत बसून हात हलवत गेली.

दाजी हंगाम संपेपर्यंत तिकडंच राहणार होते. ते आल्यावर पोरीला काय सांगायचं ते सांगू, असं दादांनी आणि आईनं ठरवलं. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी वेगळं काही सांगितलं नसतं. चार वर्षांच्या पोरीला घाईनं सांगून काय मिळणार होतं?

पण टेप बंद कसा करायचा? तो लावला नाही तर ती तोंड उघडत नव्हती. मग मेलेली अक्का रोज दोन वेळा जेवू घालायची. लाईट असली तर ठीक, नाहीतर सेल. आई सेल काढून उन्हात सुपात मांडायची, शेवयांसारखे, उलटेपालटे करत. तापले की ते आणखी दोन दिवस चालत. सेल उतरले की अक्काचा आवाज जड व्हायचा, लांबायचा, पुरुषासारखा वाटायचा. पोर ताटली सरकवून म्हणायची, ही आय न्हाई. मग सेल पुन्हा उन्हात.

मी या गोष्टींना भिणारी नाही. तरी एक सांगते. मागच्या खोलीत शिवत बसले असताना चुलीपासून अक्काचा आवाज आला, "माझा हात कशाला काढायलीस" हे माझंच बोलणं ऐकू आलं, आणि दोघी हसलो, की मशीनवरचा माझा पाय थांबायचा. ते हसणं झाल्याशिवाय पुढची शिवण घालता येत नसे. आईचं वेगळं होतं. ती भाकरी थापत असायची. "पाडव्याला येते म्या" आलं की तिचे हात परातीत थांबायचे आणि ती तोंडातल्या तोंडात म्हणायची, "ये." मी ते ऐकलं होतं. त्याकडं लक्ष दिलं नाही, ही माझी चूक.

होळी झाली आणि तोडीच्या गाड्या परतायला लागल्या. भांडी, शेळ्या, बिऱ्हाड, वर माणसं. पोर गाडीचा आवाज आला की सडकेकडं धावायची. टेपात अक्कानं सांगितलंच होतं तसं. कडी लावली तर दारावर डोकं आपटायची. एक दिवस दुपारी मी पाणी शेंदत असताना ब्रेकचा आवाज ऐकला. पळत गेले. गाडी थांबलेली, आणि तिच्यापुढं हातभर अंतरावर ही उभी, मान वर करून. ड्रायव्हर खाली उतरला होता. चांगलं करडं बोलून घेतलं त्यानं, पोर सांभाळता येईना व्हय तुमाला म्हणून. मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबर होतं.

घरी नेताना तिनं मला सांगितलं, "म्होरच्या अंगाला आय नव्हती. मागं बी न्हाई. म्या समदं बघितलं."

पाडव्याला अजून दिवस होते आणि गाड्या रोज येणार होत्या. मी विचार केला तो सरळ होता. टेप हवा, कारण जेवण हवं. शेवटचं तेवढं बोलणं नको. दुसऱ्या दिवशी दुपारी आई-दादा शेतात आणि पोर झोपलेली असताना मी भोकांत नवे बोळे कोंबले. खोकल्यापाशी कॅसेट थांबवली, लाल बटण दाबलं, आणि ते बोलणं चालायचं तेवढा वेळ टेपापुढं श्वास धरून बसले. खट् दाबलं. मागं घेऊन ऐकलं. वाटलं होतं तिथं काहीच नसेल. पण टेप गप्प बसत नाही. घरघर होती, दूर कोंबडी होती, आणि अगदी जवळ एकदा माझ्या बांगड्या वाजलेल्या होत्या. ऐकायला असं वाटायचं की अक्का बोलता बोलता थांबली आहे आणि कुणीतरी तिच्या जागी येऊन बसलं आहे.

संध्याकाळी आईनं भाकरी थापायला घेतली. मी टेप लावला. कड झाली, वेणी झाली, हसणं झालं. मग घरघर सुरू झाली. आईचे हात थांबले होते. तिनं मान वर केली. पोर घास हातात धरून टेपाकडं झुकली, कान लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आय लय हळू बोलायली आज."

आणि आम्हाला ऐकू आलं नसेल म्हणून तिनं ते मोठ्यानं सांगितलं. आधी खोकली, जसं अक्का खोकायची. घसा साफ केला. "पाडव्याला येते म्या. गाडीच्या म्होरच्या अंगाला बसते. लांबूनच दिसंन तुला. सडकंवर येऊन थांब." शब्द तेच, आणि शेवटचं 'थांब' अक्का जसं वर उचलायची तसंच उचललेलं. तिचं संपलं आणि त्याच क्षणी गाणं मधूनच सुरू झालं. एका श्वासाचाही फरक नव्हता.

परातीतलं पीठ तसंच होतं. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुसलंस?"

मी हो म्हटलं. गाडीचं सांगितलं.

"पोरीला कळत नव्हतं. मला कळत व्हतं की गं," ती म्हणाली. "कळून बी म्या रोज ऐकत व्हते. मला इचारायचंस तरी."

मी टेप बंद केला, पोरीला अंगणात नेलं आणि समोर बसवून सांगितलं. तुझी आय मेली. उसाच्या गाडीवर चढताना पडली. ती पाडव्याला येणार न्हाई, कधीच येणार न्हाई. टेपात तिचा आवाज ऱ्हायलाय, तेवढाच हाय. माझ्या बोलण्यात गोडवा नव्हता. असला तर तिनं त्यातून काहीतरी वेगळा अर्थ काढला असता.

तिनं बराच वेळ पायानं माती उकरली. मग विचारलं, "मग वेणी कोण घालणार?"

"मी."

"तू लय वढतीस."

"हळू घालीन."

त्यानंतर ती सडकेवर गेली नाही. गाडीचा आवाज आला की फक्त खेळणं थांबवायची, गाडी पुढं जाईपर्यंत. दाजी पाडव्याच्या आधी आले तेव्हा तिनं त्यांनाच सांगितलं, की आय मेली, तुमाला म्हाईत हाय का. टेप चालूच राहिला, जेवणाची गरज संपली तरी. शाळेत जायला लागल्यावरही ती मधूनच लावायची, आणि पुसलेल्या मोकळ्या जागेत ते बोलणं म्हणायची, दर वेळी नेमकं गाण्याच्या आधी संपेल असं. आई त्यापुढं कधी "ये" म्हणाली नाही. माझ्याशी ती पुढं नीट बोलली, सगळं केलं, पण टेप लावला की उठून बाहेर जायची.

पोरगी आता दोन मुलांची आई आहे. तिकडं सासरी असते. कॅसेट तिला देऊ केली होती. म्हणाली, तुझ्याकडंच राहू दे, मला सगळी पाठ येते. दरवर्षी पाडव्याला माझ्याकडं येते. निघाली की फोन करते. आवाज हुबेहूब अक्काचा झाला आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी फोनवर ती आधी खोकली, घसा साफ केला, आणि म्हणाली, निघालेय गं, ड्रायव्हरच्या शेजारीच जागा मिळालीय, सडकंवर येऊन थांब.

मी हातातलं कापड खाली ठेवलं आणि निघाले. गाडी यायला अजून तास होता. ती येऊन खाली उतरेपर्यंत मी प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेत बघत होते.